वकील, जमाव आणि गाणं

सहावीत होतो. स्नेहसंमेलनासाठी समूहगीत बसवायचं चाललं होतं. तिसऱ्या रांगेत उजवीकडून दुसरा मी. दोन कडवी झाली. बाईंनी पेटी थांबवली, तीच ओळ पुन्हा घ्यायला लावली, मग माझ्यापाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “तू नुसते ओठ हलव.” त्या रागावल्या नव्हत्या. कार्यक्रम चांगला व्हावा एवढंच त्यांना हवं होतं, आणि तो झालाही. घरी त्याचा फोटो आहे. त्यात माझं तोंड उघडं दिसतं. त्यातून आवाज येत नव्हता हे फक्त मला माहीत आहे. त्यानंतर कित्येक वर्षं मी घरच्या गणपतीच्या आरतीतही गायलो नाही. टाळ्या वाजवायचो.

ही तक्रार एकट्याची असती तर लिहिली नसती. ओळखीच्या माणसांना विचारून पाहा. ‘मला गाता येत नाही’ असं रक्तगट सांगावा तसं सांगणारे घरोघरी सापडतील. ज्याला पोहता येत नाही तो म्हणतो, शिकायचं राहून गेलं. ज्याला गाता येत नाही तो म्हणतो, देवानं गळाच दिला नाही. मोजके लोक गाणारे आणि बाकीचे सारे ऐकणारे, अशी वाटणी आपण निसर्गाच्या नावावर खपवली आहे. ती निसर्गानं केलेली नाही. ती शाळेनं, सभागृहानं आणि अलीकडे ध्वनिवर्धकानं केलेली आहे, आणि तिचा संबंध संगीतापेक्षा लोकशाहीशी जास्त आहे, असं माझं म्हणणं आहे. हे म्हणणंही मूळचं माझं नाही. शंभरेक वर्षांपूर्वी एका बॅरिस्टरनं ते मांडून ठेवलं आहे.

मोहनदास गांधी १० जून १८९१ रोजी लंडनच्या इनर टेंपलमधून बॅरिस्टर झाले. त्याआधी ‘सभ्य गृहस्थ’ व्हायच्या भरात त्यांनी नाचाच्या वर्गाची तीन पौंड फी भरली होती. आत्मकथेत ते लिहितात की तीन आठवड्यांत सहाएक धडे झाले, पण पियानोचा ठेकाच कळेना, पाय तालात पडेनात. मग कान तयार व्हावा म्हणून तीन पौंडांचं व्हायोलिन घेतलं, शिकवणी लावली. तेही जमलं नाही. शेवटी शिकवणाऱ्या बाईंनाच ते व्हायोलिन विकून टाकायची विनंती केली. पुढे अख्ख्या देशानं एका तालात गावं असं ज्याला वाटलं, त्याला स्वतःला ताल सापडला नव्हता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्याला गाणं सहज येतं त्याला न येणाऱ्याची अडचण दिसत नाही. ती दिसायला तिसऱ्या रांगेत उभं राहिलेलं असावं लागतं.

दुसरी गोष्ट त्यांच्या वकिलीतली. दक्षिण आफ्रिकेत ते गेले व्यापारी दादा अब्दुल्ला यांच्या प्रिटोरियातल्या दाव्यासाठी. समोरचे तय्यब शेठ त्यांचेच नातलग. दावा लांबत चालला तसे दोन्हीकडचे वकील गब्बर आणि दोन्ही शेठ कफल्लक होणार, हे या नवख्या वकिलाला दिसलं. त्यानं दोघांना लवादाला तयार केलं. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूनं, ३७,००० पौंड आणि वर खर्च. एवढी रक्कम एकदम भरायची तर तय्यब शेठ बुडाले असते. मग गांधींनी आपल्याच पक्षकाराला लांब मुदतीचे हप्ते घ्यायला लावले. फाटलेल्यांना जोडणं हेच वकिलाचं खरं काम, हे मला तिथे कळलं, असं ते लिहितात. कोर्टात दोन बाजू एकाच वेळी बोलू शकत नाहीत. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं खोडायचं. दोन बाजूंना एकाच वेळी तोंड उघडता येईल आणि तरी भांडण होणार नाही, अशी मानवी कृती एकच आहे. ती म्हणजे एकत्र गाणं. गांधींनी हे याच शब्दांत म्हटलेलं नाही, हा धागा माझा. पण त्यांचं पुढचं आयुष्य पाहिलं की हा धागा उगाच जोडलाय असं वाटत नाही. १९१० साली जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्मवर हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती अशी कुटुंबं एकत्र राहू लागली. तिथे संध्याकाळी भजनं व्हायची. गुजराती, हिंदी आणि इंग्रजीही. वाचन कधी रामायणाचं, कधी इस्लामवरच्या पुस्तकाचं.

आता १९२०. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कलकत्त्याला काँग्रेसचं खास अधिवेशन भरलं. असहकाराचा ठराव झाला, वकिलांनी कोर्टं सोडावीत असं ठरलं. त्याच दिवसांत, ८ सप्टेंबरच्या ‘यंग इंडिया’त गांधींचा एक लेख आला. विषय लोकशाही आणि झुंडशाही. मद्रास इलाख्याचा दौरा नुकताच झाला होता. स्टेशनास्टेशनांवर रात्री-बेरात्री लोटणारी गर्दी, कानठळ्या बसवणाऱ्या आरोळ्या, कुणाचं कुणाला ऐकू न येणं, हे सगळं त्यांनी सोसलं होतं. त्या लोकांच्या प्रेमाबद्दल त्यांना शंका नव्हती. पण हे प्रेम झुंडीचं आहे, आणि झुंडीला लोक म्हणता येत नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. मग उपाय काय? एखादा पुढारी इथे शिस्तीवर व्याख्यान देता. गांधी गाण्यावर आले. संगीत म्हणजे ताल, संगीत म्हणजे व्यवस्था, त्यानं माणूस तत्काळ निवतो, असं त्यांनी लिहिलं. युरोपात एखादा चलाख पोलीस अधिकारी लोकांच्या आवडीचं गाणं सुरू करून बेफाम जमाव ताब्यात आणतो हे आपण पाहिलंय, असंही लिहिलं. आणि मग त्या लेखातलं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं वाक्य: आपल्याकडे शास्त्रांसारखंच संगीतही मोजक्यांची मिरास होऊन बसलं, ते राष्ट्राचं झालंच नाही. माझं चालेल तर स्वयंसेवकांना, बालवीरांना, सेवा समित्यांना राष्ट्रगीतं एकत्र आणि नीट गाणं सक्तीचं करीन, प्रत्येक काँग्रेसला मोठे गवई बोलावून लोकांना समूहगायन शिकवायला लावीन, असं ते म्हणतात.

मोठ्या गवयांना बोलवायचं ते लोकांनी त्यांना ऐकावं म्हणून नव्हे, त्यांनी लोकांना गायला शिकवावं म्हणून. आजच्या महोत्सवांच्या पत्रिका पाहताना हे वाक्य आठवतं आणि अस्वस्थ व्हायला होतं.

हा विचार नुसता कागदावर राहिला नाही, त्यात मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. कुरुंदवाडचे, फटाक्यानं दृष्टी अधू झालेले आणि मिरजेला बाळकृष्णबुवांकडे शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही संस्थानिकाच्या दरबाराच्या नव्हे तर लोकांच्या आधारानं. त्यांच्याकडे गांधींनी आश्रमासाठी गायक मागितला. पलुस्करांनी आपला शिष्य दिला: नारायण मोरेश्वर खरे. १९१८ पासून साबरमतीच्या वाळवंटातली सकाळ-संध्याकाळची प्रार्थना खरे सांभाळू लागले. आश्रमात गळा असलेले किती असतील? विणकर, विद्यार्थी, निवृत्त कारकून, स्वयंपाकघरातल्या बाया, पोरंटोरं. खऱ्यांनी त्यांना घेऊनच गायचं ठरवलं. त्यांनी जमवलेल्या ‘आश्रम भजनावली’त संस्कृत श्लोक, हिंदी पदं, गुजराती भजनं आणि आपले अभंग शेजारी शेजारी बसले, प्रत्येकापुढे राग नि ताल लिहून. तुकोबांचा अभंग गुजराती मुलाच्या तोंडी बसला तो भाषणांमुळे नाही. १९३० च्या दांडीयात्रेत पहिल्या दिवशी निघालेल्या तुकडीत खरेही होते. १९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुरा काँग्रेसच्या वेळी तिथेच ते गेले. महाराष्ट्रात पलुस्करांचे मैफली गाजवणारे शिष्य आपण आठवतो, आणि ते योग्यच आहे. खऱ्यांचं नाव मात्र संगीताच्या विद्यार्थ्यालाही सांगावं लागतं. ज्यानं बेसूरांना गातं केलं त्याला आपल्या इतिहासात कोनाडाच नाही.

गांधींनी हा मुद्दा शेवटपर्यंत सोडला नाही. ११ सप्टेंबर १९३७ च्या ‘हरिजन’मध्ये प्राथमिक शिक्षणावर लिहिताना ते म्हणतात की हाताला वळण लावणं जितकं गरजेचं, तितकंच गळ्याला वळण लावणं. कवायत, हस्तकला, चित्रकला आणि संगीत हातात हात घालून चालावं. पुढच्याच महिन्यात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीमचा, म्हणजे हातकामातून शिक्षणाचा, आराखडा ठरला. त्यात संगीत होतं.

इथपर्यंत मी त्यांच्या पाठीशी निःशंक उभा आहे. अडतो तो एका शब्दापाशी: सक्तीचं.

अडायला कारण आहे. एकत्र गाण्यात काय ताकद असते हे आपल्या प्रांताला गांधींच्या आधीपासून माहीत आहे, आणि तेही एका कायद्याच्या पदवीधरानंच दाखवलं. टिळक १८७९ चे एल्‌एल. बी.; वकिली केली नाही, पण पुण्यात कायद्याचा वर्ग चालवला. १८९४ पासून पुण्याच्या गणेशोत्सवात मेळे आले. एकसारखे पोशाख, लेझीम, आणि पाठ केलेली पदं गात जाणारी पोरं. एरवी जी माणसं एकत्र आली नसती ती आली, हे खरं. पण त्याच पहिल्या वर्षांतल्या मेळ्यांच्या पदांत हिंदूंनी मोहरमच्या ताबुतांकडे पाठ फिरवावी, असंही गायलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या ताबुतांपुढे नाचणारे लोक त्यानंतर कमी झाले. पुढे १९२० च्या दशकात ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांच्या छत्रपती मेळ्यानं ब्राह्मणी वर्चस्वाला गाण्यातूनच उत्तर दिलं, आणि दोन मेळे समोरासमोर आले की डोकी फुटायची वेळ येई. दुसरीकडे भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांनी, ज्यांना गावच्या देवळात तोंड उघडायची परवानगी नव्हती त्यांना, भर चौकात गायला उभं केलं. तेव्हा गाणं आपोआप चांगलं असतं असा भ्रम मला नाही. चार जण एका सुरात पाचव्याला गावाबाहेर काढू शकतात, आणि चालीला ते छान बसूही शकतं.

म्हणून मला १९२० च्या गांधींपेक्षा १९४७ चे गांधी जास्त शिकवतात. एप्रिल महिना, दिल्लीतली वाल्मीकी वस्ती. संध्याकाळच्या प्रार्थनेत कुराणातल्या आयती म्हणायला सुरुवात होताच एक तरुण उठला आणि म्हणाला, इथे हे चालणार नाही. लोक त्याच्यावर धावले, त्याला बाहेर ढकलू लागले. शेकडो लोक प्रार्थनेला आलेले, विरोध एकाचा. गांधींनी काय करावं? त्यांनी त्याला काढू दिलं नाही. त्या दिवशीची प्रार्थनाच थांबवली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. विरोध करणारे वळले तेव्हाच प्रार्थना पुरी झाली, आणि ती कुराणासकट झाली. म्हणजे त्यांनी आयती गाळल्या नाहीत आणि माणूसही गाळला नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी सक्तीची भाषा लिहिणारा माणूस आता एका नकारासाठी सगळ्यांचं गाणं अडवून धरत होता. यात मला कमजोरी दिसत नाही. दोन्ही शेठांना एका खोलीत बसवल्याशिवाय न उठणारा प्रिटोरियाचा वकील दिसतो.

चार दशकांनी सर्वोच्च न्यायालय त्याच जागी आलं. केरळमधली तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीताला आदरानं उभी राहात, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढलं. ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल दिला: राष्ट्रगीत गायलाच हवं असं सांगणारा कायदा नाही, आदरानं उभं राहणं पुरेसं आहे, मुलांना परत घ्या. आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान सहिष्णुता सांगतं, आपली राज्यघटना सहिष्णुता आचरते, ती पातळ करू नका, अशा अर्थाचा त्या निकालाचा शेवट प्रसिद्ध आहे. मी तो पुष्कळदा वाचला आहे. त्या मुलांचं न गाणं आणि माझं न गाणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यांनी नकार दिला होता. मला नाकारलं होतं. राज्याला पहिल्याचा मान ठेवता आला पाहिजे आणि दुसरं घडू देता कामा नये. शिकवण्याची सक्ती सरकारवर हवी, गाण्याची सक्ती मुलावर नको.

आज नेमकं उलट आहे. २०२३ च्या १९ फेब्रुवारीपासून आपल्याला राज्यगीत आहे, आणि मला ते आवडतं. पण मी पाहिलेल्या कित्येक शाळांत परिपाठाला ते पेन ड्राइव्हवरून लागतं. मुलं सावधान उभी, आवाज खोक्याचा. उभं राहणं सक्तीचं, गायला शिकवणारं कुणी नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक मुलं असतील तिथे कलाशिक्षणाला एक अंशकालीन निदेशक सांगितला आहे. त्या एका पदात चित्रकलाही आली आणि गाणंही आलं. शंभराहून कमी मुलांच्या शाळेचं काय, याचं उत्तर तिथे नाही, आणि वाड्यावस्त्यांवरच्या जिल्हा परिषद शाळा तर अशाच आहेत. शहरातल्या सोसायटीत गणपतीची आरती मोबाइलवरून स्पीकरला जोडलेली असते, माणसं ताटाभोवती उभी राहून हात जोडतात. एक ओळ कोण किती लांबवतो याची चुरस, कडव्यांची उलटापालट, म्हाताऱ्या आजोबांनी मध्येच वेगळी चाल धरणं, हे सगळं गेलं. आणि विसर्जनाला आवाजाच्या भिंती. तिथे हजारो लोक असतात आणि एकाचाही आवाज नसतो. गांधींना १९२० साली जमावाच्या ओरडण्याचा त्रास झाला होता. आपला जमाव आता ओरडतही नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, मुलांना वजाबाकी येत नाही तिथे गाण्याचं काय घेऊन बसलात? गाण्याचा तास बंद करून कुठे वजाबाकी सुधारल्याचं माझ्या पाहण्यात नाही. दुसरा आक्षेप खरा गंभीर आहे. समूहगानानं कळप तयार होतो, एका सुरात गाणारे लोक उद्या एका सुरात द्वेषही करतील. मेळ्यांचा दाखला मीच दिला आहे. पण घोषणा आणि गाणं यांत फरक आहे. घोषणा द्यायला शेजारी काय म्हणतोय हे ऐकावं लागत नाही, नुसतं त्याच्याहून मोठ्यानं ओरडलं की झालं. गाण्यात शेजाऱ्याचा सूर कानावर घेतला नाही तर आपलाच जातो. द्वेष पसरवणारी पदं होतात हे खरं, पण ती गाणाऱ्यांना दुसऱ्याचं ऐकायची सवय शिकवलेली नसते, तोंडपाठ शब्द शिकवलेले असतात. म्हणूनच मला हे काम उत्सव मंडळांवर सोडायचं नाही. ते शाळेत, सगळ्या जातीधर्मांची मुलं एका बाकावर असताना, व्हायला हवं.

करायचं काय, हेही सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळा केंद्रांत विभागलेल्या आहेतच. दर केंद्राला एक गाणं शिकवणारा शिक्षक द्या. त्यानं आठवड्यातून एकदा प्रत्येक शाळेत जावं. पेटी नसली तरी चालेल, टाळ आणि डफ पुरे. गावात भजनी मंडळ असतं, शाहीर असतो, भीमगीतं गाणारे असतात, चर्च असेल तर तिथे वाचून गाणारे असतात. त्यांना मानधन देऊन बोलवा. आणि एक अट: स्पर्धा नको, क्रमांक नको, पुढच्या रांगेत चांगले नि मागे वाईट अशी मांडणी नको. असं सगळ्यांना शिकवल्यानं गुणवंत मागे पडतील ही भीती खोटी आहे. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांनी शतकानुशतकं गावातल्या सगळ्याच पोरांना सूर वाचायला शिकवलं, निवडक पोरांना नव्हे. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीचे वाद्यवृंद ज्या गोवेकरांनी भरले ते त्याच वर्गांतून आले होते. पाया रुंद होता, म्हणून कळस झाला.

आषाढीच्या वाटेवर एकदा मी ज्ञानोबांच्या पालखीचा तळ पाहिला. दिवसभर चालून आलेल्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या होत्या. हजारो टाळ, मृदंग, एकच कल्लोळ. त्यात गवई किती आणि माझ्यासारखे किती, सांगता येणार नाही. कुणी कुणाला ओठ हलव म्हणत नव्हतं. मग चोपदारानं दंड उंच धरला आणि सगळं थांबलं, एका क्षणात. मला गांधींचा तो गाणं सुरू करणारा पोलीस अधिकारी आठवला. इथे गाणं थांबवून शांतता आली होती. पण पूर्ण शांतता नव्हती. उजवीकडच्या एका दिंडीत टाळ वाजतच राहिले होते. मला वाटलं, त्यांना कळलं नसावं. शेजारचे बाबा म्हणाले, “कळलंय की. त्यांची काही तक्रार आहे माउली. ऐकून घेतल्याबिगर टाळ थांबायचे नाहीत.” चोपदार गर्दीतून वाट काढत त्या दिंडीपाशी गेला. काही बोलणं झालं, आम्हाला ऐकू आलं नाही. पाण्याचं असेल, जागेचं असेल. सगळा तळ मुकाट उभा होता. थोड्या वेळानं ते टाळ थांबले. चोपदार परत आला, हरवलेल्या-सापडलेल्यांची नावं पुकारली, उद्याच्या निघण्याची वेळ सांगितली, आणि आरती सुरू झाली.

मी गायलो.